पालथी घागर

त्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या ओट्यावर सहा माणसं होती. आधी त्यांची नावं सांगते. माझा सासरा, त्याला सगळं गाव सोनजीबा म्हणायचं. माझा नवरा भिका, पाटलाकडे सालदार. पाटलाचा धाकटा मुलगा आत्माराम, धुळ्याची शाळा सोडून घरी आलेला. तेल्याचा हिरामण. मी, ठगू. माझ्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून मरणाला ठगवायला आईनं मला हे नाव ठेवलं. आणि सहावा तो. त्याचं नाव सांगता येत नाही. लपवत नाही मी. ठाऊकच नाही.

पाटील, फौजदार आणि हवालदार मागून आले. फौजदार-हवालदाराची नावं त्यांच्या कागदात असतीलच.

मी शाळेत गेले नाही. मला फक्त माणसांची नावं वाचता येतात, दुसरं काही नाही. ती कशी यायला लागली तेही सांगते. हे नात लिहून घेते आहे. तिला म्हटलं, माणसं बोलली ते जसंच्या तसं लिही, बाकीचं तुझ्या शाळेच्या भाषेत बसव.

तो आला तेव्हा कापसाची शेवटची वेचणी चालू होती. लढाईचे दिवस. रॉकेल मिळत नव्हतं, साखर तर आमच्या घरानं लढाईच्या आधीही पाहिली नव्हती. रेल्वेची लाइन आमच्या गावाला लागून जाते, नंदुरबारवरून सुरतेकडे. त्या लाइनीच्या कडेकडेनं चालत आला. पंचवीस-सव्वीसचा, उंच, काडीसारखा. सदऱ्याला गुंड्या नव्हत्या. गुंड्यांच्या जागी बाभळीचे काटे टोचलेले. पोरं मागं लागली, “काटावाला! काटावाला!” तेच नाव पडलं.

गुंड्या विलायतेहून येतात म्हणून त्यानं कापून टाकल्या होत्या. हिरामणचं तेल-गुळाचं दुकान होतं. त्यानं विचारलं, “गुंडी विलायतनी, मंग सुई कोठली शे? सुई बी तठलीच ना?”

तो उठून गेला. रात्रभर विचार केला असणार. सकाळी दुकानात जाऊन म्हणाला, “सुई राहू दे. सुईशिवाय चालत नाही.”

असा होता. हट्टी, पण खोटा नाही.

आत्मारामनं त्याला आमच्याकडे आणून ठेवलं. धुळ्याला पोरांचं एक मंडळ होतं, वाचायचे, भांडायचे, सरकारविरुद्ध कागद वाटायचे. त्यात हा पुढे. पोलीस मागावर होते. पाटलाच्या वाड्यात ठेवता येत नव्हतं, पाटीलच पोलीसपाटील. सालदाराच्या झोपडीत कोण बघायला येतं? म्हणून आमची पडवी.

पहिल्या दिवशी मी भाकरी वाढली. तो हात जोडून बसला. आम्हाला वाटलं देवाचं काही म्हणतो. त्यानं सासऱ्याला विचारलं, “बा, ही भाकरी कुणी भाजली?”

“वहूनी.”

“तिचं नाव काय?”

“वहूनं नाव वहूच शे,” सासरा म्हणाला आणि हसला.

“मग मी कसा जेवू? कुणी रांधलं ठाऊक नाही.”

भाकरी गार झाली. शेवटी सासऱ्यानं माझं नाव घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदा. तो म्हणाला, “ठगूनं भाजली,” आणि मग घास मोडला. तेव्हापासून रोज पहिल्या घासाआधी हेच. शेजारणी मला चिडवायच्या, “ठगू, काटावाला तुन्हा मंतर म्हणस का वं?”

भिकाला ते सोसलं नाही. म्हणाला, “मन्ही बायकोनं नाव परका माणूसनी कसाले घेवानं?”

“मग तू घे,” तो म्हणाला.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. मी आज भिका भिका म्हणते ते तो गेला म्हणून. चार दिवस भिका तोंड फुगवून जेवला. पाचव्या दिवशी शेतातून आला, हात धुतले, ताटाकडे बघत हळूच म्हणाला, “ठगूनी भाकर.” आणि लगेच पाणी मागितलं, मी ऐकलंच नाही असं व्हावं म्हणून. ऐकलं होतं मी.

त्याचं एकच बोलणं होतं, फिरून फिरून तेच. “राजा जेवला हे पुस्तकात लिहून ठेवलंय. रांधलं कुणी?” पिशवीत लाइनीवरची एक खडी बाळगायचा. दिसेल त्याच्या तळहातावर ठेवायचा. “वजन बघा. अशा किती डोक्यावरून गेल्या असतील? कुणाच्या डोक्यावरून?” गोऱ्या इंजिनेराचं नाव पुलाच्या दगडात कोरलेलं आहे. माती वाहणाऱ्यांचं कुठेच नाही. त्याला ती नावं हवी होती. छपन्याच्या, म्हणजे तेव्हा चाळीसेक वर्षांपूर्वीच्या, दुष्काळात आमच्या भागात लोक अन्नाला महाग झाले, आणि तेव्हाच लाइनीचं काम चालू होतं. मूठभर दाण्यासाठी माणसं मातीकामाला गेली आणि पुष्कळ तिथेच राहिली. तो म्हाताऱ्या माणसांच्या खाटेशी जाऊन बसायचा. कोण गेलं? कुठे गेलं? नाव काय? चहाच्या जाहिरातीचे कागद होते, पाठीमागून कोरे, त्यावर लिहून घ्यायचा. कुणी मनानंच काही सांगितलं की ओळखायचा. “आठवत नसेल तर राहू द्या, बनवून नको.” एकही नाव त्यानं मनानं घातलं नाही.

एकदा आत्मारामला म्हणाला, “तू इतिहासात पहिला येत होतास ना?” आणि त्याच्या डोक्यावर खडीची पाटी दिली, लाइनीपासून आमच्या ओट्यापर्यंत, भर उन्हात. पाटलाचं पोर, कधी ओझं उचललेलं नाही. येईपर्यंत मान आत गेली. पाटी उतरवली तर हा म्हणतो, “हां. आता सांग इतिहास.” तीन दिवस मी त्या पोराच्या मानेला तिळाचं तेल गरम करून दिलं.

स्वतः मात्र बैलाला भ्यायचा. शेतकऱ्यांचं राज्य यायला हवं म्हणायचा आणि बैल दिसला की कुडाला चिकटून उभा. कापूस वेचायला आला तर बोंडानं बोटं फाडून घेतली. आमच्यासारखं बोलायला बघायचा आणि दर वाक्याला “शे” लावायचा, लागत नसला तरी.

दुपारच्या विसाव्याला पोरं आमच्या ओट्यावर जमायची. जुना पेपर वाचून दाखवायचा, आठवडाभर शिळा. जपान इथपर्यंत आला, जर्मन तिथून हटला. मी आत दळता दळता ऐकायची.

एकदा आत्माराम म्हणाला, “एकदाना गोरा गया का सगळं व्हई.”

“काय व्हई?” भिकानं विचारलं. “मन्हं साल सुटी का?”

सालदार म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला गडी. एका अखाजीपासून दुसऱ्या अखाजीपर्यंत दिवसरात्र मालकाचा.

“स्वराज्यमा तू बी मालकच.”

“मंग तुन्हा बाप सालदार व्हई का?”

हिरामण लोळायला लागला. आत्मारामचे कान लाल. काटावाला एकटा हसला नाही. म्हणाला, “भिकानं बरोबर विचारलं. गोऱ्याला घालवायचाच, त्यात दुसरं बोलणं नाही. पण त्याच्या खुर्चीत कोण बसणार, हे आजच विचारून ठेवा. उद्या विचाराल तर खुर्ची भरलेली असेल.”

सासरा कोपऱ्यात सुतळी वळत बसलेला. तिथून म्हणाला, “बापू, तू त्या रशियानं सांगस. तठे सालदार शेतस का?”

“नाहीत बा.”

“तू देखं?”

“नाही. वाचलंय.”

“मंग बैल कोन जुपस?”

“यंत्र आहेत म्हणे.”

“यंत्र आजारी पडनं ते?”

त्यानं हातातली खडी पिशवीत टाकली. “मला ठाऊक नाही, बा.”

पोरं गेल्यावर सासरा मला म्हणाला, “जेले ‘ठाऊक नही’ सांगता येस, तो माणूस घरमा ठेवाले हरकत नही.”

आता माझं एक सांगते आणि पुढे जाते. तो यायच्या आधी पावसाळ्यात मला मुलगी झाली होती. बारसं बाराव्या दिवशी. ती अकराव्याला गेली. लहान मुलाचं कुणी काही करत नाही, पितरांची घागर नाही, विस्तवावर घास टाकायची आगारी नाही. मी आठव्या दिवसापासून निंदायला जात होते, तशीच जात राहिले. त्यानं बायांनाही नावं विचारायला सुरुवात केली तेव्हा माझ्यापाशी आला. “ठगूताई, तुमचं कोण गेलं?” मी म्हटलं, “पोर गयी. नाव नव्हतं.” तो म्हणाला, “मनात तर असेल.” होतं. पोटात होती तेव्हापासून होतं. भिकालाही सांगितलं नव्हतं, दृष्ट लागते. त्याला सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं आणि दाखवलं, “हे बघा, असं दिसतं.” मी ते पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हटलं, मला लिहायला शिकवा. तो गेरूनं भिंतीवर एक नाव काढायचा, मी सारवताना तेवढी जागा सोडायची आणि खाली तेच काढायची. अशी मी अक्षरं शिकले, माणसामाणसांनी. पण ते पहिलं नाव मी भिंतीवर काढलं नाही. ते त्याच्या कागदातच राहिलं.

सासऱ्याकडून मात्र त्याला काही मिळालं नाही. सासरा लहानपणी लाइनीच्या कामावर होता, हे गावाला ठाऊक होतं. मूळ गाव दुसरीकडे, काम संपलं आणि इथेच राहिला. एके दिवशी खडी हातात घेऊन तो एवढंच बोलला, “मन्हा मोठा भाऊ व्हता. खोदाईमा माती पडनी त्यानावर. नाव इचारू नको, बापू.” आणि खडी परत दिली. रोज दहा जणांना नावासाठी छळणारा माणूस, त्या दिवशी त्यानं विचारलं नाही. कागदावर एक ओळ कोरी सोडली.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक बघत होते. अखाजीला आमच्या खानदेशात मेलेल्या माणसांसाठी नवी घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबा, सांजोऱ्या. सासरा कुंभाराकडून दर वर्षी दोन घागरी आणायचा. एक आपल्या आईबापाच्या नावानं भरायचा. दुसरी तिच्याशेजारी पालथी ठेवायचा, कोरडी. का ते कुणाला विचारता येत नव्हतं. सासू गेली तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं म्हणे.

आता त्या दिवसाचं. अखाजीलाच सालदाराचं साल संपतं. नवं साल दुसऱ्या दिवशी चालू. मधला तो एक दिवस सालदार कुणाचाच नसतो. काटावाल्याला हे कळलं तेव्हा तो ओट्यावर उभाच राहिला. “म्हणजे वर्षातून एक दिवस तुम्ही स्वतंत्र असता! आणि त्या दिवशी काय करता?”

“झोपतस,” भिका म्हणाला.

“या वेळी झोपायचं नाही.” जमवलेली सगळी नावं त्या दिवशी पारावर मोठ्यानं वाचायची, असं ठरलं. गावोगावचे सालदार येतील. आधी मेलेल्यांची नावं वाचायची, मग जिवंतांनी बोलायचं. पाचाहून जास्त माणसांनी जमायला बंदी होती. पण अखाजीला माणसं जमतात त्याला कोण काय म्हणेल?

चूक हिरामणची झाली. कागद त्याच्या दुकानात, तेलाच्या डब्यामागे ठेवलेले. सणाची गर्दी. हवालदार गूळ घ्यायला आला आणि घाईत हिरामणनं त्यातल्या एका कागदात गूळ बांधून दिला. हवालदारानं घरी जाऊन पुडी सोडली तर आत अठरा-वीस पुरुषांची नावं, गावांसकट. त्यानं तो कागद फौजदाराला दिला. फौजदार वरच्या मुलखातला, नवा. त्याला वाटलं मोठी टोळीच सापडली.

अखाजीच्या सकाळी तो चावडीवर येऊन बसला. हे कोतवालानं मला मागून सांगितलं. फौजदार नाव वाचायचा, पाटलानं माणूस हजर करायचा.

“झिपरू नथू.”

“तो मरी गया, साहेब.”

“कधी?”

“छपन्यामा.”

“सुका दगा.”

“तो बी.”

पाच-सहा नावं झाली. फौजदार चिडला. “सगळेच कसे मेले?”

कोतवाल म्हातारा होता, त्याला राहवलं नाही. “साहेब, आज अखाजी शे. थांबा, सगळा येतीन. जेवाले.”

चावडीत हसू फुटलं. तेच बिघडलं. फौजदाराला आपली चेष्टा केली असं वाटलं. अक्षर कुणाचं, शोधा म्हणाला. काटेवाल्या माणसाचं कुणीतरी बोललं. हिरामण उरलेले कागद उपरण्यात बांधून आमच्याकडे पळत आला.

मी तेव्हा ताट वाढत होते. सासुरवाशिणी अखाजीला माहेरी जातात, झोके घेतात. मला माहेर उरलं नव्हतं, म्हणून मी इथे. आमच्याकडे त्या दिवशी एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात. तो जेवला की आपला मेलेला माणूस जेवला. पितर ताटावर बोलत नाही, त्याला कुणी उठवत नाही. अर्ध्या ताटावरून उठला तर घर वर्षभर उपाशी राहतं. दर वर्षी शेजारचा एक म्हातारा बसायचा, तो अजून आला नव्हता.

“उना!” हिरामण म्हणाला. “फौजदार इकडेच येई ऱ्हायना!”

आत्माराम म्हणाला, “मागथीन पळ.” मागं उघडं वावर. पाखरूसुद्धा दिसेल.

सासरा उठला. “सदरा काढ. पाटवर बठ.”

तो म्हणाला, “बा, मी पितर मानत नाही.”

“तू मानू नको. फौजदार मानस.”

त्यानं सदरा काढला. मी सदरा आणि कागदांचं गाठोडं घेतलं. ठेवायला जागा कुठे? घरात एक कोठी आणि चूल. मी पालथी घागर उचलली आणि सगळं तिच्याखाली घातलं. एक काटा माझ्या अंगठ्यात मोडला. तो तसाच ठेवून मी पुन्हा वाढायला लागले.

फौजदार, हवालदार आणि मागून पाटील. ओट्याखाली उभे राहिले.

“बाहेरगावचा एक इसम इथं आहे. काट्यांच्या गुंड्या लावतो. कुठाय?”

त्यानं आमच्याकडे एकेक करून बघितलं.

“एकेकानं नाव सांगा.”

भिकानं सांगितलं. हिरामणनं सांगितलं. आत्मारामपाशी आल्यावर फौजदारानं पाटलाकडे बघितलं. “तुमचा मुलगा इथं काय करतो?”

“अखाजी शे साहेब,” पाटील म्हणाला. “सालदारना घर जेवाले येस.” जेवायला कधीच आला नव्हता.

“आणि हा, ताटावरचा?”

“हाऊ मन्हा भाऊ शे,” सासरा म्हणाला.

“नाव?”

सासऱ्याचे ओठ नुसते हलले. मला वाटलं आता संपलं, म्हाताऱ्याला नाव सुचत नाही. मग तो म्हणाला, “सोनजी.”

पाटलानं झटकन मान वर केली. चाळीस वर्षं तो या म्हाताऱ्यालाच सोनजी म्हणत आला होता.

“तुझं?”

“बुधा.” आवाज पोरासारखा निघाला. पुन्हा म्हणाला, “बुधा. मन्हं नाव बुधा शे.”

फौजदार वळला. “पाटील, बरोबर?”

पाटलानं आधी आपल्या मुलाकडे बघितलं. मग पाटावरच्या माणसाकडे, मग सासऱ्याकडे. खोटं बोलावं तर पाटीलकी जाते, खरं बोलावं तर मुलगा जातो, एवढंच त्याच्या डोक्यात असेल असं आम्हाला वाटलं. पण सासऱ्याच्या तोंडाकडे बघून तो खोटं बोलत नाही हे पाटलालाही दिसलं असावं.

“बरोबर शे साहेब. हाऊ बुधा.”

“मग हा जेवत का नाही?” फौजदार म्हणाला.

खरंच, त्यानं घास मोडला नव्हता. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे. ओठ हलले. आवाज नाही. ठगूनं भाजली. मग मांड्याचा तुकडा रसात बुडवून खाल्ला. रस मनगटावरून ओघळत होता.

“तूच सांग रे तुझं नाव.”

हवालदार आमच्याच भागातला. हळूच म्हणाला, “साहेब, पितर ताटावर बोलत नाही. माझ्या घरीसुद्धा.” मग त्याचं लक्ष घागरीकडे गेलं. “आजा, पितरनी घागर पालथी कशी?” आणि तो वाकला.

मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. भिकानं डोळे मिटले.

“हात नको लावू, भाऊ,” सासरा म्हणाला. “जेनं नाव कोन्ही लिनं नही, त्यानी घागर मी पालथी ठेवस. चाळीस वरीस व्हयनात. आज भरसू.”

हवालदारानं हात मागं घेतला.

फौजदार ओट्यापासून मागं सरला. “जेवण झालं की याला चावडीवर आणा.”

“आणतो,” पाटील म्हणाला.

ते गेले. त्यानं पूर्ण ताट संपवलं, एक शीत ठेवलं नाही. मग पाटावरच बसून राहिला. “बा, हे खरं होतं?”

सासऱ्यानं तेव्हा सांगितलं. दोघं भाऊ कामावर. मोठा सोनजी, त्याचं नाव हजेरीत. हा बुधा, आठ-नऊ वर्षांचा, हजेरीत घ्यायला लहान. सोनजीला शेरभर दाणे मिळायचे, दोघं खायचे. ज्या दुपारी माती पडली, त्या संध्याकाळी मुकादमानं नेहमीसारखी नावं घेतली. “सोनजी!” आणि बुधा म्हणाला, “हाजीर.” मुकादमानं बघितलं आणि दाणे घातले. दुसऱ्या दिवशीही. मग काम संपेपर्यंत तोच सोनजी. मग लग्नात, मग गावात.

“मी त्यानं नाव खादं,” सासरा म्हणाला. “आते त्याना नावनी घागर कशी भरू? त्या नावना माणूस जित्ता शे ना.”

 काटावाला पाटावरून उतरला आणि सासऱ्याच्या पायांशी बसला. “बा, तुम्ही आठ वर्षांचे होता. तुम्हाला दोन मुठी दाणे द्यायला ज्यानं आधी एक माणूस मरू दिला, नाव त्यानं खाल्लं.”

सासऱ्यानं पालथ्या घागरीकडे बोट दाखवलं. मला म्हणाला, “वहू, घागर सरळ कर. पाणी भर.” मग थांबला. “ठगू,” म्हणाला.

मी सदरा आणि गाठोडं काढून दिलं. घागर भरली. काटावाल्यानं गेरूचा खडा घेतला, मग तो माझ्याच हातात दिला. मी घागरीवर सोनजी लिहिलं. वाकडं आलं, अंगठा दुखत होता. सासऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, गेरू बोटाला लागला.

काटावाल्याला निघायची घाई होती. नाल्यातून तापी गाठायची, उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं, पलीकडे शहाद्याची वाट आणि पुढे सातपुडा. मी सांजोऱ्या बांधून दिल्या आणि विचारलं, “दादा, तुमचं नाव?”

सदऱ्याला काटे लावत होता. एक कमी होता, तो माझ्या अंगठ्यात. “पुढच्या अखाजीला सांगतो, ठगूताई. तोपर्यंत सगळ्यांचंच साल संपलेलं असेल.”

नाल्याच्या वळणावर एक बैल उभा होता. त्याला भिऊन लांबून वळसा घातला, ते मी बघितलं. तेच शेवटचं.

पारावरची सभा झाली नाही. पाटावरचा माणूस चावडीवर आला नाही, म्हणून संध्याकाळी भिकाला नेलं. पावसाळा संपल्यावर सोडलं, तेव्हा त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. पाटलानं साल दुसऱ्याला दिलं होतं. आम्ही दोन हिवाळे डोंगरात लाकडं तोडली, एक वर्ष नुसती कण्यांची पेज. मग भिका दुसऱ्या मालकाकडे पुन्हा सालानं राहिला. ते सगळं सांगत बसत नाही. पाटलानं एक केलं. दुसऱ्या दिवसापासून सासऱ्याला बुधाबा म्हणायला लागला, आणि मग गावही. सासरा चार वर्षं त्याच्या स्वतःच्या नावानं जगला.

पुढच्या अखाजीला मी एक ताट जास्त वाढलं. त्याच्या पुढच्याही. मग गोरा गेला, झेंडा लागला, चावडीवर साखर वाटली. भिका उजवा कान पुढे करून ऐकत होता. घरी येऊन म्हणाला, “गोरा गया. मन्हं साल तठेच शे.” आत्माराम धुळ्याला जाऊन विचारून आला. मंडळातले म्हणाले, तशी पुष्कळ पोरं होती, प्रत्येकाची तीन-तीन खोटी नावं, खरं कुणालाच सांगायचं नाही असा नेम. कुणी म्हणालं डोंगरात तापानं गेला. कुणी म्हणालं गुजरातेत दिसला.

सासरा गेला, भिका गेला, आत्माराम आणि हिरामणही गेले. ओट्यावरची मी एकटी राहिले. अखाजीला मी घागरी भरते, नावं माझ्या हातानं लिहिते. सोनजी. बुधा. भिका. शेवटची एक पालथी ठेवते. नात म्हणते, आजी, काटावाला लिही ना. नाहीतर मनातलं एखादं नाव लिही. तसं करता येणार नाही. तो विचारल्याशिवाय कुणाचं लिहीत नव्हता. माझ्या पोरीचं नावसुद्धा त्यानं विचारून घेतलं आणि आपल्या बरोबर नेलं. त्याचं मात्र मला दिलं नाही.

म्हणून हे वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. तुमच्या घरातला कुणी त्या दिवसांत निघून गेला असेल, उंच, बारीक, मोठ्या नाकाचा, बैलाला भिणारा, सदऱ्याला काटे लावणारा, जेवणाआधी कुणी रांधलं ते विचारणारा, तर त्याचं नाव मला कळवा. पत्ता नको, दुसरं काही नको. नुसतं नाव. मोठ्या अक्षरात लिहा, मला वाचता येतं.